पाल्बोसिक्लिबने पेशी जी१ मध्ये थांबवताना

डीएनएची प्रत नेमकी कधी सुरू होते हे मोजायचं, तर आधी सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर आणाव्या लागतात. त्यासाठी मी पाल्बोसिक्लिब हे औषध वापरलं. ते सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइमांना अडवतं. मग विभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रोटीनवर फॉस्फेट चढत नाहीत, आरबी ई२एफला (प्रत करायला लागणारी जनुकं चालू करणाऱ्या प्रोटीनला) सोडत नाही आणि पेशी जी१ च्या, म्हणजे प्रत सुरू होण्याआधीच्या टप्प्याच्या, पुढे सरकत नाही.

सुरुवात हेला पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या) केली, ती वाया गेली. डोस वाढवला तरी पेशी वाढतच होत्या. दोष औषधाचा नव्हता. हेलामध्ये पॅपिलोमाव्हायरस १८ चं ई७ प्रोटीन आरबीला आधीच निकामी करतं, म्हणजे या औषधाला काम करायला जागाच उरत नाही. आरबी शाबूत असलेल्या आरपीई१ पेशी (माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या) घेतल्यावर गाडी रुळावर आली.

स्टॉक (दाट साठवणीचं द्रावण) करताना बाटलीवरचं लेबल नीट वाचा. नुसत्या पाल्बोसिक्लिबचा रेणूभार ४४७.५, आयसेथिओनेट क्षाराचा ५७३.७. क्षार असताना ४४७.५ धरून वजन केलं, तर स्टॉक सुमारे २२ टक्के पातळ होतो. क्षाराचे ५.७४ मिलिग्रॅम १ मिलिलिटर पाण्यात विरघळवले की १० मिलिमोलर. तो दहापट पातळ करून त्यातले १.५ मायक्रोलिटर १० मिलिलिटर मीडियममध्ये टाकले की १५० नॅनोमोलर. मी हेच प्रमाण २४ तास ठेवतो.

पेशी विरळच पेरा. दाटी झाली की आरपीई१ औषधाशिवायही जी१ मध्ये थांबतात आणि श्रेय चुकून औषधाला जातं. म्हणून औषध नसलेली, तितकीच विरळ प्लेट सोबत हवीच.

औषध काढताना ३७ अंशांच्या मीडियमने तीनदा धुतो. मग दर दोन तासांनी नमुना घेतो, त्याआधी ३० मिनिटं १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारा खुणेचा रेणू) देतो. पेशी आहेत तशा टिकवायला ७० टक्के थंड इथेनॉल व्हॉर्टेक्सवर (नळी हलवणाऱ्या यंत्रावर) थेंबथेंब टाकायचं, नाहीतर गुठळ्या होतात. चिकटलेल्या दोन जी१ पेशी एकेका पेशीतला डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरला एका जी२ पेशीसारख्या, म्हणजे प्रत पूर्ण झालेल्या पेशीसारख्या, दिसतात. डीएनए मोजायचा रंग, प्रोपिडियम आयोडाइड, आरएनएलाही चिकटतो, म्हणून आरएनए तोडणारं आरएनेज टाळू नका.

अडवण्याचा काळ मात्र वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. चार दिवस थांबलेल्या पेशींत एमसीएम प्रोटीनं (प्रत करताना डीएनए उलगडणारी) घटलेली असतात. सोडल्यावर त्या एस टप्प्यात, म्हणजे प्रत करण्याच्या टप्प्यात, शिरतात खऱ्या, पण प्रत करताना अडखळतात आणि पुष्कळशा कायमच्या थांबतात.