नावात स्पेस आहे तर असू द्या, स्क्रिप्टमध्ये कोट लावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि रात्रीपर्यंत ग्रुपमधल्या सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये येऊन पडतात, नावं अशी की काळी मारबत.जेपीजी, बडग्या इतवारी 2.जेपीजी, पिवळी मारबत नेहरू पुतळा.जेपीजी. मग कोणीतरी कॉम्प्युटरवाला वैतागतो, अरे नावात स्पेस काऊन देऊन राहिले, अंडरस्कोर टाका ना! मला हे अजिबात पटत नाही. माणूस बोलतो तसंच नाव देणार, आणि लिनक्सची त्याला काही हरकत नाही, फाईलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट (ज्याची किंमत शून्य असते तो बाइट) एवढ्या दोनच गोष्टी चालत नाहीत, बाकी स्पेस, टॅब, अगदी न्यूलाइनसुद्धा चालते. अडतं ते आपल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ज्या फाईलीत आपण कमांड लिहून ठेवतो तिथे.

होतं काय, आरएम ही फाईल काढून टाकणारी कमांड, आणि $फोटो म्हणजे फाईलचं नाव ठेवलेलं व्हेरिएबल. आरएम $फोटो असं बिनकोटाचं लिहिलं की शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आधी तिथे नाव आणून ठेवतो आणि मग आयएफएस या त्याच्या सेटिंगमध्ये जी कॅरेक्टर्स असतील, म्हणजे डिफॉल्ट स्पेस, टॅब आणि न्यूलाइन, तिथे त्याचे तुकडे पाडतो. आरएमच्या हातात पडतात दोन नावं, काळी आणि मारबत.जेपीजी. बहुतेक वेळा अशी फाईल नाही म्हणून एरर येते आणि आपण वाचतो, पण मारबत.जेपीजी नावाचा दुसरा फोटो खरंच तिथे असला तर तो गेला, आणि जो काढायचा होता तो तसाच राहिला, आणि स्क्रिप्ट रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालत असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. 2001 मध्ये आयट्यून्स 2 च्या मॅकवरच्या इन्स्टॉलरमध्ये असेच कोट राहून गेले होते, डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही लोकांचा डेटा उडाला.

उपाय काय तर डबल कोट, "$फोटो". सिंगल नाही, सिंगलमध्ये व्हेरिएबल उघडतच नाही. स्क्रिप्टला आलेली सगळी नावं पुढे पाठवायची तर "$@" लिहा, कारण "$*" सगळ्यांना जोडून एकच लांबलचक नाव करून टाकतो.

एकेक फाईल घेणाऱ्या लूपमध्ये तर एलएसचं, म्हणजे फाईलींची यादी देणाऱ्या कमांडचं, आउटपुट घेऊच नका प्लीज. सरळ फॉर फोटो इन *.जेपीजी लिहा, स्टारमधून निघालेल्या नावांचे शेल परत तुकडे करत नाही, फक्त आत वापरताना "$फोटो"ला कोट हवेतच. सबफोल्डरमध्ये शिरायचं असेल तर फाईली शोधणारी फाइंड कमांड, आणि त्याच्या -एक्झेकमध्ये {} + दिलं की फाइंड स्वतःच पूर्ण नावं कमांडला देतो, मधे शेल येतच नाही. नाहीतर -प्रिंट0 आणि पाइपच्या पलीकडे एक्सआर्ग्स -0 (आलेली नावं दुसऱ्या कमांडला देणारी कमांड), इथे दोन नावांच्या मधे नल बाइट असतो जो नावात येऊच शकत नाही, म्हणून ही पद्धत पक्की. बरीच वर्षं हे ग्नू, बीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवाल्यांचं एक्स्ट्रा होतं, 2024 च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे अशा सिस्टिमच्या सामायिक नियमांत, ते स्टँडर्डमध्येच आलं.

मॅकवर झेडशेल या शेलमध्ये बिनकोटाचं चालून जातं कारण तो डिफॉल्ट तुकडे करत नाही, पण तीच स्क्रिप्ट सर्व्हरवर बॅश या दुसऱ्या शेलमध्ये गेली की फुटते, तेव्हा मॅकवरही कोट लावायची सवय ठेवा. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक नावाचं टूल आहे, फुकट आहे, कोट राहिला की एससी2086 म्हणून ओरडतं.

आणि नाव हायफनने सुरू होत असेल तर कोट असूनही आरएम त्याला ऑप्शनच समजतो, तिथे ./*.जेपीजी लिहायचं किंवा नावाच्या आधी -- टाकायचं.