तुम्ही विचारलंत म्हणून: सपाट आल्मेरमध्ये राहून आल्प्सच्या घाटाची तयारी

पुण्याच्या मित्रमैत्रिणींना रविवारी उठलं की सिंहगड गाठता येतो, त्यामुळे ते हमखास विचारतात की तू राहतेस नेदरलँड्समधल्या आल्मेरला, समुद्राच्या पातळीखाली, सगळीकडे सपाट, मग आल्प द्युएझ या फ्रान्समधल्या घाटाची सायकलवरून चढायची तयारी करतेस तरी कशी? फोनवर उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी हे कशासाठी ते. नेदरलँड्समधले हजारो लोक दर जूनमध्ये फ्रान्सला जातात, कॅन्सरसाठी पैसे गोळा करतात आणि तो घाट एका दिवसात जमेल तितक्या वेळा चढतात, जास्तीत जास्त सहा. आल्प द'हुझेस म्हणतात त्याला, २००६ पासून चालू आहे, पैसे केडब्ल्यूएफ या डच कॅन्सर संस्थेला जातात. बरेच जण सायकलवर, काही पळत, काही चालत, आणि पहिला कोण आला हे कुणी विचारतच नाही. गेलेल्यांच्या आणि आजारी माणसांच्या नावाने वळणांवर मेणबत्त्या लावतात. माझी आत्या कॅन्सरने गेली, त्यामुळे माझ्यासाठी ही नुसती सायकल चालवणं नाहीच.

आता घाट. १३.८ किमी, सरासरी ८ टक्के चढ, २१ वळणं, आणि सुरुवातीचे किलोमीटरच सगळ्यात खडे, १० टक्क्यांच्या आसपास. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ७५ किलो धरा, उंची साधारण ११०० मीटर, वेळ दीड तास, तर हे वजन नुसतं वर न्यायलाच सलग १५० वॅट लागतात, रस्त्याचं घर्षण वेगळं. सलग हा शब्द महत्त्वाचा. सपाटीवर पाय थांबवले तरी सायकल पळत राहते, घाटात पाय थांबले की सायकल थांबली. म्हणजे सपाटीवरच्या माणसाला ताकद कमी पडत नाही, न थांबता दाब देत राहायची सवय कमी पडते.

ती सवय इथे वारा लावतो! आल्मेर ते लेलिस्टाड ऑस्टफार्डर्सडाइक नावाचा बांध आहे, एका बाजूला मार्करमेर सरोवराचं पाणी, दुसरीकडे दलदल, आडोसा म्हणून काही नाही. जाताना वारा पाठीशी आणि येताना नैऋत्येचा वारा सरळ तोंडावर, त्यात मी मुद्दाम जड गिअर टाकते आणि पाय हळू पण एकसारखे फिरवत घरी येते. माझ्या मते याच्याइतका चांगला सराव दक्षिणेतल्या लिम्बुर्ग प्रांताच्या टेकड्याही देत नाहीत. तिथला काउबर्गचा चढ सुंदर आहे, १२ टक्क्यांपर्यंत जातो, पण जेमतेम किलोमीटरभराचा, दम लागेपर्यंत संपतो. ड्रेन्थ प्रांतात तर कचऱ्याच्या डोंगरावर सायकलवाल्यांसाठी रस्ता केलाय, फामबर्ग म्हणतात, तिथे वर-खाली करायला मजा येते, एकदा जाच.

हिवाळ्यात घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड. पुढच्या चाकाखाली ठोकळा, म्हणजे बसायची पद्धत चढासारखी होते, कंबर आणि मान त्याला सरावतात. आणि पंखा अगदी हळू ठेवते, कारण घाटात वेग असतो ताशी नऊ-दहा किमी, एवढ्या वेगात अंगाला वारा लागतच नाही आणि जूनच्या उन्हात घामाच्या धारा लागतात. पाणी आणि मीठ किती लागतं ते इथेच कळलेलं बरं. गिअरच्या बाबतीत मानापमान बघू नका, मागे ३४ दातांचं, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरचं, दातेरी चाक लावा, पहिल्या फेरीत नाही पण तिसरीत लागतंच.

उतार मात्र इथे शिकता येत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, वळणाच्या आधी दाबायचे, मग सोडायचे, नजर वळणाच्या पलीकडे. वर घामाने भिजलेलं अंग खाली येताना गारठतं, हात बधिर झाले की ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून खिशात पातळ जॅकेट आणि हातमोजे हवेतच. आम्ही त्यासाठी दोन-तीन दिवस आधी पोहोचतो आणि चढण्यापेक्षा उतरायचाच सराव जास्त करतो, तुम्ही येणार असाल तर रजा त्या हिशोबाने टाका.