कार्डावर आजीचं नाव

आज चुनाभट्टीला रुळांवर पाणी आलं आणि हार्बर लोकल ठप्प. मी कुर्ल्यात अडकलेली, लेक वाशीच्या पाळणाघरात, तिचे बाबा कामासाठी नागपूरला. संकोच वाटत होता, तरी ठाण्याला तिच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, फोन केला. वेगळे झालो तरी मी त्यांना आईच म्हणते. “निघाले बघ,” एवढंच म्हणाल्या. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल चालू होती, ते नशीब.

पण पाळणाघरातल्या ताई मुलीला सोडेनात, मूल कुणाच्या हाती द्यायचं त्या कार्डावर आजीचं नाव नाही म्हणून. आधी चिडले, मग बरंच वाटलं. कुणाच्याही हाती देत नाहीत, हेच तर हवं ना आपल्याला! शेवटी व्हिडिओ कॉल आणि नागपूरहून बाबांचा मेसेज, तेव्हा सुटका.

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे वेगळं होताना दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, एकाआड एक शनिवार-रविवार, सगळं आहे. दोघंही अडकलो तर मूल कुणाकडे, यावर ओळ नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं. पण संध्याकाळी सातला पाळणाघरातून कोण आणणार, हे ज्याचं त्यानेच लिहून ठेवायचं.

म्हणून रात्री तिच्या बाबांना मसुदा पाठवला: आधी दुसऱ्या पालकाला फोन, तो नसेल तर ठाण्याची आजी, मग नेरुळची मावशी. उत्तर आलं, “मावशीआधी माझी बहीण.” आता यावर वाटाघाटी सुरू आहेत.