ते एकोणीस दिवस

त्या दिवशी समितीच्या टेबलावर बेचाळीस प्रॅक्टिकल रेकॉर्डं, म्हणजे मुलांच्या प्रयोगवह्या, होती आणि चौकीदाराकडून मागवलेलं चावीचं रजिस्टर. एप्रिलमधलं नागपूरचं ऊन. कूलर सुरू केला की मुलीचा आवाज ऐकू येईना, म्हणून तो बंद ठेवला होता. आमच्या कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची मी अध्यक्ष आहे. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.

तक्रार बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलीची, केमिस्ट्रीच्या सरांविरुद्ध. रेकॉर्डवर सही हवी तर शनिवारी चारनंतर एकटी ये, असं ते सांगायचे. आली की दार लोटून घ्यायचे, हात धरून जवळ बसवायचे. पाहिलेलं कुणी नाही, एकही मेसेज नाही. सरांचं लेखी उत्तर दोन ओळींचं होतं: आरोप खोटा आहे, शनिवारी मी दोननंतर कॉलेजात नसतो.

विद्यार्थिनीची तक्रार असली की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या विनियमांप्रमाणे शिक्षक आणि बाहेरच्या संस्थेतल्या सदस्यासोबत दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत बसतात. प्राचार्य किंवा कुणी मोठे पदाधिकारी सदस्य नसतात. वकील आणता येत नाही. आम्ही दोघांना समोरासमोर बसवत नाही. सरांनी प्रश्न लिहून द्यायचे, मी वाचायचे. त्यांनी चौदा दिले. पाच मी काढून टाकले. त्यातला एक होता, ‘तुझ्या मोबाइलचा रिचार्ज कोण करतं?’ सव्वीस वर्षं मुलींना शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचावा, याचा राग मला अजून आहे.

आम्ही शिक्षक मंडळी जबाबांचे कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. आमच्यातले शिक्षकेतर सदस्य, ज्यांची उभी नोकरी प्रयोगशाळेत गेली, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मॅडम, रेकॉर्डवरच्या तारखा पाहा ना जी. सर पूर्ण बॅचच्या सह्या एकाच दिवशी करतात.’’

एकेक रेकॉर्ड उघडलं. पहिल्याच पानावर अनुक्रमणिका: प्रयोगाचं नाव, तारीख, शेवटच्या रकान्यात सही आणि सहीखाली तिची तारीख. अडतीस रेकॉर्डांवर शेवटच्या प्रयोगांपुढे एकच तारीख, एकच निळं पेन. चार रेकॉर्डांवर वेगवेगळ्या तारखा, एकूण सात. चारही मुलींची. आमच्या विद्यार्थी सदस्याने मोबाइलवर कॅलेंडर काढलं आणि तारखा वाचत गेली: शनिवार, शनिवार, शनिवार. सातही. मग रजिस्टर. सातपैकी पाच तारखांना प्रयोगशाळेची चावी साडेतीन-चारला नेलेली, साडेपाचच्या पुढे परत केलेली, आणि प्रत्येक नोंदीपुढे सरांची स्वतःची सही.

उरलेल्या तिघींपैकी दोघी येऊन बोलल्या. एक आली नाही, आम्हीही तिला ओढून आणलं नाही. अहवाल एकमताने गेला. आमच्या स्टाफरूममध्ये ज्यांना कुणी चहाला विचारत नाही, त्या माणसामुळे गेला, हे मला इथे लिहायचंच आहे.

पण मी लिहायला बसले ती वेगळ्या कारणाने.

ती मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती होळीच्या आधी. काटोलकडून रोज एसटीने अपडाऊन करणारी. स्टाफरूमच्या दारात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. अर्धंमुर्धं बोलली. मी म्हणाले, ‘‘बेटा, सगळं नीट लिहून आण, मग आपण बघू.’’ मला वाटलं, मी नियमाने वागते आहे.

ती परत आली एकोणीस दिवसांनी, वडिलांना घेऊन. वडील म्हणाले, ‘‘मॅडम, पोरगी रातच्याले लिवत बसे अन् फाडून टाके. आमाले वाटलं, परीक्षेचा अभ्यास करून राहिली.’’

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की बाई स्वतः लेखी तक्रार देऊ शकत नसेल, तर ती लिहायला वाजवी ती सगळी मदत करणं अध्यक्षांचं किंवा सदस्यांचं काम आहे. हे कलम मी दरवर्षी नव्या मुलींना वाचून दाखवते. ८ मार्चला कार्यक्रम होतो, रांगोळी होते, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी जिओ-टॅग केलेले फोटो निघतात. आणि दारात मुलगी उभी राहिली, तेव्हा मी कागद-पेन घेऊन तिच्याशेजारी बसले नाही.

लेखी तक्रार हातात असती, तर तिच्या कामाचं मूल्यमापन सरांनी करू नये अशी शिफारस मला त्याच दिवशी करता आली असती. विनियमांत ती सोय आहे. त्या एकोणीस दिवसांत तिची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. अंतर्गत परीक्षक तेच होते.

संस्थेने तीस दिवसांच्या मुदतीत, अठ्ठाविसाव्या दिवशी निर्णय घेतला: परीक्षेच्या कामातून काढलं, वेतनवाढ रोखली. आम्ही याहून जास्त मागितलं होतं.

निकाल लागला तेव्हा ती आली. प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस. स्टाफरूममध्ये एक सहकारी मोठ्याने बोलल्या होत्या, ‘‘मार्क तर चांगले दिलेत ना तिला?’’ ते तिच्या कानावर गेलं होतं. तिने विचारलं, ‘‘मॅडम, हे मार्क माझेच आहेत ना?’’

मी इतिहास शिकवते. तिच्या परवानगीने नाव झाकून रेकॉर्डच्या काही पानांच्या प्रती केमिस्ट्रीच्या एका निवृत्त मॅडमना धरमपेठेत नेऊन दाखवल्या. त्यांनी टायट्रेशनची पानं चष्मा वर करून पाहिली, ब्युरेटची रीडिंगं बोटाने जुळवली. म्हणाल्या, ‘‘हात चांगला आहे हो पोरीचा.’’ मी लगेच तिला फोन केला. ती ‘‘हो’’ म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, एम.एस्सी.च्या ॲडमिशनला दाखवायला रेकॉर्ड परत मिळेल का?

मूळ रेकॉर्ड समितीच्या फाइलमध्ये आहे, ते देता येत नाही. सीताबर्डीवर उभं राहून सगळ्या पानांची रंगीत झेरॉक्स मीच करून घेतली, स्पायरल बाइंडिंग केलं. देताना पहिलं पान उघडून पाहिलं. शेवटच्या रकान्यातल्या सह्या निळ्याच उमटल्या आहेत, तारखांसकट.