४,३०० आरपीएमला अडलेली मोटर अखेर सुटली
मी सेन्सरशिवाय चालणाऱ्या ब्रशलेस मोटरचा कंट्रोलर बनवतो आहे. मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे ओपन लूपमधून (मोटर ठरावीक गतीने आंधळेपणाने फिरवणे) क्लोज्ड लूपमध्ये (तिची स्थिती ओळखून फिरवणे) जाणे जमले होते आणि ६०० आरपीएमनंतर (मिनिटाला फेऱ्या) मोटर बॅक ईएमएफच्या (फिरताना ती स्वतःच निर्माण करते त्या व्होल्टेजच्या) आधारावर गुमान फिरत होती. मात्र ४,३०० च्या आसपास ती दर वेळी किर्रर्र करून सिंक (कोडशी असलेला ताळमेळ) सोडत असे आणि पॉवर सप्लायवर लावलेली २ अँपिअरची मर्यादा गाठली जाऊन सारे ठप्प होई.

दोन आठवडे मी कोडलाच दोष देत राहिलो. ब्लँकिंगचा (स्विचिंगनंतर मोजमापाकडे दुर्लक्ष करण्याचा) काळ कमी-जास्त केला, इंटरप्टचे (तातडीच्या कामासाठी मुख्य कोड थांबवणाऱ्या संकेतांचे) प्राधान्यक्रम बदलले, आणि शेवटी हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून रोटरची स्थिती ओळखणारे) बसवून सेन्सरलेस प्रकरणाला रामराम ठोकावा, इथवर मजल गेली. खटकत होते ते एवढेच, की सप्लाय १२ व्होल्टवर असो वा १० वर, मोटर अडखळत होती ती त्याच वेगाला.

शेवटी ऑसिलोस्कोपचा एक प्रोब थेट फेजवर (मोटरच्या तीन तारांपैकी एकीवर) आणि दुसरा डिव्हायडरनंतर (व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीनंतर) मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर लावला. ३,००० आरपीएमला पिनवरचे झीरो क्रॉसिंग (बॅक ईएमएफ शून्य ओलांडतो तो क्षण) सुमारे १७० मायक्रोसेकंद उशिरा येत होते! सात पोल-जोड्यांच्या या मोटरचा एक टप्पा (विद्युत चक्राचा सहावा भाग, म्हणजे ६० अंश) त्या वेगाला ४७६ मायक्रोसेकंदांचा असतो आणि माझा कोड क्रॉसिंगनंतर त्याच्या निम्मा वेळ, म्हणजे २३८ मायक्रोसेकंद, थांबतो. त्यातला बराचसा वेळ आधीच निघून गेलेला असे. वेग वाढत गेला की हा उशीर ३० अंशांवर पोहोचतो, म्हणजे पुढच्या फेजचे क्रॉसिंग येऊन ठेपते तेव्हा कुठे आपण कम्युटेशन (प्रवाह पुढच्या फेजांवर वळवणे) करत असतो.

डिव्हायडर १० किलो-ओहम आणि २.२ किलो-ओहमचा आहे. त्यावरचे तीन पिवळे कपॅसिटर भिंगातून पाहिले, तर पाकिटावर १०२ लिहिलेले असूनही अंगावर १०४ छापलेले निघाले, म्हणजे १ नॅनोफॅरडच्या जागी १०० नॅनोफॅरड. या आकड्यांवरून ३० अंशांचा उशीर किती वेगाला होईल याचे गणित मांडले, तर उत्तर ४,३७० आले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला हसू आले. पुरवठादाराचे नाव घेत नाही, पण यापुढे सुटे भाग मीटरवर मोजल्याशिवाय बोर्डावर लावणार नाही.

१ नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावताच मोटर एका दमात ९,००० वर गेली. एवढ्या लहान कपॅसिटरने पीडब्ल्यूएमचा (व्होल्टेज वेगाने चालू-बंद करून नियंत्रित करण्याच्या पद्धतीचा) गोंगाट गाळला जात नाही, पण एडीसीचे (व्होल्टेज आकड्यांत मोजणाऱ्या भागाचे) नमुने टायमरच्या ट्रिगरवर, स्विचिंग शांत झाल्यानंतरच घेतले जात असल्याने त्याची अडचण आली नाही.

आता उरलेले दुखणे असे, की ९,००० ला एक टप्पा १५९ मायक्रोसेकंदांचा होतो आणि पीडब्ल्यूएमच्या २० किलोहर्ट्झला त्यात जेमतेम तीन नमुने बसतात, त्यामुळे आवाजात बारीक खरखर आहे. पीडब्ल्यूएम ४० किलोहर्ट्झवर न्यायचे ठरवले होते, पण हे लिहितानाच सुचले, की क्रॉसिंगजवळ बॅक ईएमएफ जवळपास सरळ रेषेत चढतो. तेव्हा क्रॉसिंगच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नमुन्यांवरून नेमका क्षण काढता येईल आणि मॉस्फेट (फेज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उगाच तापवावे लागणार नाहीत. त्यामुळे ४० किलोहर्ट्झ तूर्त बाजूला. आधी या गणितातला भागाकार इंटरप्टमध्ये किती वेळ खातो ते मोजतो.