तिथी पाहून काढलेले फोटो

नोकरीनिमित्त दापोलीला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक जुना डीएसएलआर कॅमेरा होता आणि चांगला फोटो चांगल्या लेन्समधूनच येतो अशी ठाम समजूत होती. पहिली दोन वर्षे दर रविवारी सूर्यास्ताला मी मुरूडच्या किनाऱ्यावर जात असे. एखाद्या रविवारी ओल्या वाळूत अख्खे आकाश उतरलेले असे, तर पुढच्याच रविवारी पाणी इतके वर चढलेले असे की तिवई रोवायलाही जागा उरत नसे. हा सगळा नशिबाचा भाग आहे, असे मी धरून चाललो होतो.

हर्णै बंदरावर होडीच्या सावलीत जाळे सांधत बसलेल्या एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, माझी ही समजूत मोडली. ‘‘पंचांग बघता का?’’ त्यांनी विचारले. ‘‘तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल.’’ अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि सूर्यास्ताला किनारा पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा बरेच आत जाते आणि आरशासारखी ओली वाळू दूरवर उघडी पडते. हिशेब ढोबळ असला तरी माझ्या कामाला तो पुरेसा आहे. त्या दिवसापासून मी रविवार सोडला आणि तिथी धरली.

वेळ साधली तरी काम संपत नाही. परतणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा हव्या असतील, तर शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी लाट तिवईच्या पायांखालची वाळू ओढून नेते. पाय सुरुवातीलाच दाबून खोल रोवावेत, दोन-तीन लाटा जाऊ द्याव्यात, तिवई बसली की मगच बटण दाबावे. चौकटभर पांढरा फेस असला की कॅमेऱ्याचे मोजमाप त्याला करडा करू पाहते. म्हणून मी एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवतो, म्हणजे प्रकाश दुप्पट घेतो. घरी आल्यावर तिवईचे पाय गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय मी जेवायला बसत नाही.

लाडघरला मात्र लेन्सवर पोलरायझर हा चमक कापणारा फिल्टर लावतो. तिथले पाणी तांबूस दिसते म्हणून त्या जागेला तामसतीर्थ म्हणतात. फिल्टर हळूहळू फिरवत गेले की उथळ पाण्यावरची आकाशाची चमक निघून जाते आणि तळाचे लाल गोटे एकेक करून वर आल्यासारखे दिसू लागतात. माझ्या मते या किनाऱ्यावर ज्याच्यासाठी पैसे मोजावेत असा हा एकच फिल्टर आहे.

माणसांचे फोटो मला फार उशिरा जमले. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात मी लांब लेन्स लावून कडेला उभा राहत असे. एका मावशींनी ते पाहून हाक मारली, ‘‘दादा, लांबून काय काढतोस? हिकडं ये, मासळी बघ आधी.’’ त्यांनी पापलेटचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला. बर्फाने बधिर झालेली, खवले चिकटलेली त्यांची बोटे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. आता मी 35 मिमीची, जवळ जाऊनच वापरावी लागणारी लेन्स घेऊन जातो, आधी बोलतो, आणि फोटोची प्रत छापून नेऊन देतो.

सध्या एकच काम हाती आहे. हर्णैच्या एकाच जागेवरून, सूर्यास्ताच्याच वेळी, समोरचा सुवर्णदुर्ग पंधराही तिथींना टिपायचा, म्हणजे तटाखालचे पाणी दर तिथीला कसे चढते-उतरते ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. 11 फोटो झाले आहेत. तृतीया, षष्ठी आणि द्वादशी ढगांमुळे हुकल्या. दशमीला हवा स्वच्छ होती, पण कचेरीतून निघायलाच उशीर झाला. येत्या दशमीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवली आहे.