बायचुंगच्या सहीचा फुटबॉल

आमच्या मामांची एक गोष्ट परभणीतल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ आहे. १३ जुलै १९९७. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल, सव्वा लाखावर पब्लिक. ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ असं धुतलं आणि त्यातले तीन गोल एकट्या बायचुंग भुतियाचे. मामा तेव्हा सीआरपीएफमध्ये, पोस्टिंग कोलकात्याला. "मॅच संपली अन् त्यानं ह्याच बॉलवर सही ठोकली," असं म्हणत ते कपाटावरून फुटबॉल खाली काढत.

यंदा त्यांची नात गोलकीपर म्हणून शिबिराला निघाली, फी बरीच होती, म्हणून मामांनी बॉल विकायचं काढलं. घेणारा विचारणारच, सही खरी कशावरून? ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

घरी जमेल तेवढं आधी केलं. घड्याळवाल्याकडचं भिंग आणून सही पाहिली. छापील सही भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसते. ही अखंड शाईची होती, शिलाईवरून जाताना पेन किंचित उडालेलंही दिसत होतं. बॉलवर 'फिफा इन्स्पेक्टेड'चा शिक्का होता. फिफानं बॉल तपासून असे शिक्के द्यायला १९९६ मध्ये सुरुवात केली, म्हणजे १९९७ जुळत होतं. अर्थात यानं बॉलचं वय कळतं, सही कुणाची ते नाही.

सह्या तपासणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या अमेरिकेत: पीएसए, जेएसए, बेकेट. वस्तू पटली तर त्या नंबरचा स्टिकर लावतात आणि तो नंबर त्यांच्या साइटवर कुणालाही पाहता येतो. पण त्यांचं मुख्य काम बेसबॉल-बास्केटबॉलचं. कुरियर, कस्टम आणि तपासणीची फी धरली तर बॉलपेक्षा बॉलचा प्रवास महाग. तो नाद सोडला.

मग एका वकील मित्रानं वाट दाखवली. छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टाचं खंडपीठ असल्यानं मृत्युपत्रं, खरेदीखतं यांवरच्या सह्या तपासणारे खासगी हस्ताक्षर तज्ज्ञ तिथं भेटतात. मी बॉल पिशवीतून काढला तेव्हा त्या गृहस्थांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बॉलकडं. "कबूल सह्या आणल्यात का?" ज्या सहीबद्दल वाद नाही, अशी सही तुलनेला लागते. मी २०१२ ची एक घेऊन गेलो होतो, भुतियाचा बायर्न म्युनिकविरुद्धचा निरोपाचा सामना दिल्लीत झाला त्या वेळची. त्यांनी ती बाजूला सारली. पंधरा वर्षांत माणसाची सही बदलते, त्याच काळातली आणा, आणि झेरॉक्स नको, झेरॉक्सवर हाताचा दाब दिसत नाही. शेवटी मामांच्या एका बंगाली सहकाऱ्याची जुनी ऑटोग्राफ वही कामी आली.

तपासणी बघण्यासारखी होती. नक्कल करणारा सही लिहीत नाही, चितारतो. त्यामुळं रेघ थरथरते, मध्येच थांबते, थांबल्या जागी शाई साचते. आमच्या सहीची टोकं निमुळती होती, म्हणजे हात वेगानं उचललेला. पण मला खरी मजा आली ती भेगांत. पत्र्याखालच्या खोलीत परभणीचे उन्हाळे काढून बॉलचं वरचं आवरण बारीक तडकलं होतं. त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. भेग शाईची रेघ तोडून गेली होती, आत मात्र शाईचा टिपूस नव्हता. आधी भेग आणि मग सही असती, तर शाई भेगेत उतरली असती. म्हणजे सही भेगांच्या आधीची, अलीकडं कुणी केलेली नाही.

अहवालात त्यांनी 'एकाच व्यक्तीच्या असण्याची दाट शक्यता' असं लिहिलं. तज्ज्ञाचं मत हे शेवटी मतच असतं, हे वर तोंडी बजावलं, आणि विचारलं, "त्या काळचा काही कागद?"

कागद मामीनं शोधला. मामांनी आजीला पाठवलेलं आंतरदेशीय पत्र. त्यात लिहिलं होतं, 'भुतियाची सही घेतली, बॉल घेऊन येतो.' सही मैदानावरच्या प्रॅक्टिसला घेतली होती. पोस्टाचा शिक्का ५ जुलैचा. मॅच १३ ची.

मामा बराच वेळ पत्र उलटंपालटं करत बसले. "मंग मॅचला म्या काय नेलं होतं?" मामी म्हणाली, "शिट्टी."

किमतीला याचा फटका बसला. ऑनलाइन मागितलेले आकडे डोळे फिरवणारे असतात. ते वाचायचे नसतात, वस्तू शेवटी कितीला गेली ते बघायचं. तशा नोंदी भारतीय फुटबॉलरांच्या फार कमी. कोलकात्याच्या एका संग्राहकाला फोन लावला, तर त्याचे प्रश्न ठरलेले: एकाची सही की टीमची, कुणाच्या नावानं लिहिलंय का, शाई उडालीय का, बॉल सामन्यातला की दुकानातला? मी सगळं आहे तसं सांगितलं. मॅचचा बॉल असता तर त्यानं आकडाच वेगळा बोलला असता; आता तो नऊ हजारांवर आला आणि मूळ पत्रही मागू लागला.

पत्र द्यायला मामी तयार नव्हती. त्यात आजीच्या दम्याच्या औषधाचं होतं, म्हशीच्या व्यवहाराचं होतं. मी पत्राची स्कॅन कॉपी आणि अहवाल देऊ केला. त्यानं दीड हजार कमी केले, आणि मामा म्हणाले, "दे." हवा अर्धी काढून, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मी बॉल खोक्यात भरला.